रात्री ओतलेलं दह्याचं पाणी

पत्राचा सारांश: नागपुरात आईवडिलांसोबत राहणाऱ्या ३१ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. मिहानमध्ये नोकरी, संध्याकाळी जिम. ग्रीक योगर्टचे विकतचे डबे महाग पडतात म्हणून उन्हाळ्यापासून ते घरीच करतात. आठवड्यातून दोनदा दोन लिटर दुधाचं दही लावायचं आणि फडक्यात टांगायचं. दर वेळी जवळपास लिटरभर पाणी निघतं. आई ते टाकू देत नाहीत. "दुधाचं सारं सत्त्व त्यात हाये, मोरीत काहून ओतून राहिला बापा?" असं म्हणतात. मग ते पाणी कढीत, वरणात, भाजीत जातं. कढीने दात आंबतात, वरण शिजत नाही, वडिलांचं पोट फुगतं. शेवटी वाचक सगळे झोपल्यावर बाटल्या गुपचूप रिकाम्या करू लागले. एका रात्री आई पाणी प्यायला उठल्या आणि त्यांनी ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून दह्याला हात लावत नाहीत. मध्यंतरी दह्याऐवजी ग्रीक योगर्ट घालून केलेला केक गच्च झाला. दुधाऐवजी हे पाणी घातलेला केक आंबट आणि पांढराफटक झाला. डिसेंबरमध्ये आईबाबांच्या लग्नाला ३५ वर्षं होतात, त्या दिवशी स्वतःच्या हाताने काहीतरी करायची इच्छा आहे. फ्रिजमध्ये चार बाटल्या पडून आहेत. "हे नुसतं पाणी आहे हे आईला कसं पटवू, की सरळ पुन्हा डबेच आणू?"

उत्तर:

हे नुसतं पाणी आहे, असं आईंना पटवायला जाऊ नका. ते खरं नाही. सारं सत्त्व त्यात आहे हे आईंचं म्हणणंही पूर्ण खरं नाही. तुमच्या घरात दोन अर्धी खरी वाक्यं समोरासमोर उभी आहेत, म्हणून आधी बाटलीत काय आहे ते बघू.

एक बाटली उजेडात धरा. पाणी हिरवट पिवळं दिसेल. तो रंग बी-२ जीवनसत्त्वाचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा. आमच्या घरी या पाण्याला निवळी म्हणायचे, मीही तेच म्हणते. शंभर मिलिलिटर निवळीत प्रोटीन एक ग्रॅमपेक्षाही कमी असतं. दुधातली साखर, लॅक्टोज, चार-पाच ग्रॅम असते. आणि कॅल्शियम असतं साधारण शंभर मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास दुधाइतकंच. दही आंबट होत जातं तसं दुधातल्या केसिन या मुख्य प्रोटीनला चिकटून बसलेलं कॅल्शियम सुटून पाण्यात उतरतं आणि फडक्यातून पाण्याबरोबर निघून जातं. तेव्हा आईंच्या 'सत्त्वा'त तथ्य आहे. तुम्ही रात्री जे ओतत होता त्यात चांगलं कॅल्शियम होतं.

प्रोटीनचं मात्र तुमचं बरोबर आहे. निवळीला इंग्रजीत व्हे म्हणतात. जिममध्ये व्हे प्रोटीनचे डबे दिसतात म्हणून हे पाणी म्हणजे पातळ केलेलं व्हे प्रोटीन, अशी समजूत पसरली आहे. ती पावडर मुख्यतः चीज करताना निघणाऱ्या पाण्यापासून होते. तिथे दूध फार तापवत नाहीत, त्यामुळे ती प्रोटीन्स पाण्यात विरघळलेली राहतात. आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत तापवल्याशिवाय कोणी विरजण लावत नाही. त्या उष्णतेने व्हे प्रोटीन्सची घडी मोडते, ती केसिनला चिकटतात आणि चक्क्यातच राहतात. म्हणूनच चीजच्या पाण्यापासून करतात तसं रिकोटा चीज दह्याच्या निवळीतून निघत नाही. कुठे तशी कृती दिसली तर गॅस वाया घालवू नका. एक मात्र बघत चला: निवळी पांढरट, दुधाळ निघाली तर फडकं विरळ आहे किंवा कोणी ते पिळलं आहे. तेव्हा खरंच प्रोटीन जातं.

आता तुम्ही गृहीत धरलेली एक गोष्ट. एक लिटर दुधात प्रोटीन साधारण ३२ ते ३५ ग्रॅम असतं. त्याचं दही करा, चक्का करा, ते तेवढंच राहतं. टांगल्याने प्रोटीन वाढत नाही, वाटी लहान होते. ग्रीसमध्ये याला स्ट्रांगिस्तो म्हणतात, म्हणजे गाळलेलं. ते लोक काकडी किसून, घट्ट पिळून, लसूण, ऑलिव्ह तेल आणि बरेचदा शेपू घालून त्याची जात्झिकी करतात. तो शेपू आपलाच, गोकुळपेठेच्या बाजारात जुडीने मिळतो. करून बघा, भाकरीबरोबर फार छान लागते. सांगायचं इतकंच, की घट्ट दही आवडतं म्हणून गाळत असाल तर जरूर गाळा. फक्त प्रोटीनसाठी चार लिटर दुधाचं दही टांगत असाल, तर त्यातलं निम्मं साधं दही म्हणून वाटीभर खाल्लंत तरी हिशेब तोच राहतो आणि निवळी निम्मी होते.

अडचण त्या चार लिटरांतच आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात चक्का वर्षातून दोन-तीनदा टांगला जायचा. पाडवा, दसरा, कधी कोणाचं केळवण. माजघरातल्या खुंटीला पंचा बांधलेला असायचा, खाली पितळेचं कल्हईचं पातेलं. रात्री दिवा मालवला की थेंब पडल्याचा आवाज यायचा, आधी भरभर, मग लांब लांब. सकाळी निवळी असायची तांब्याभर. तिची कढी व्हायची आणि विषय संपायचा. टाकायचं नाही हा नियम त्या तांब्याभर निवळीचा आहे. तुमच्या आईही बहुधा तशाच घरात वाढल्या असतील. आज तोच नियम आठवड्याला दोन लिटर निवळीला लावायचा तर तिघांच्या स्वयंपाकात ती मावत नाही, मग वरणात घुसते. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीक योगर्टच्या कारखान्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. एक किलो योगर्टला तीन ते चार किलो दूध लागतं, बाकीची आंबट निवळी ओढ्या-नद्यांत सोडली तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. ती शेतावर, गुरांच्या चाऱ्यात, बायोगॅसमध्ये जिरवावी लागते. तुमच्या घरी गुरं नाहीत, तेव्हा आधी माप कमी करा. एका वेळी एक लिटर, आणि फ्रिजमध्ये तीन तास गाळणं पुरे. रात्रभर टांगलेला श्रीखंडाचा कोरडा चक्का तुम्हाला रोजच्या खाण्याला कशाला हवा?

गाळायचं ते फ्रिजमध्येच. चाळणीत ओलं फडकं, त्यात दही, खाली खोलगट भांडं, वर झाकण. मी आग्रहाने सांगते, कारण तुम्ही सुरुवात उन्हाळ्यात केलीत. या शहरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. मे महिन्यात ओट्यावरचं दही तीन-चार तासांत लागतं आणि पुढच्या दोन तासांत आंबून जातं. ते बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत चक्का आणि निवळी दोन्ही तोंडात धरवत नाहीत. तुमची कढी दात आंबवत होती, त्यात या आंबवण्याचा वाटा मोठा आहे. विरजण कमी लावा, दही लागलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. निवळी सौम्य निघेल आणि सौम्य निवळी दहा ठिकाणी चालते. आता थंडीत दही लागायला रात्र जाईल, तेव्हा हा प्रश्न थोडा सुटेलच.

कढीचं दुसरं कारण साधं आहे. आई आंबट दह्यात निवळी घालत असणार, म्हणजे आंबटात आंबट. निवळी ही दह्याच्या जागी नाही, पाण्याच्या जागी घालायची. ताजं, गोडसर दही किंवा दोन मोठे चमचे चक्का, त्यात बेसन कालवायचं आणि पातळ करायला निम्मं पाणी, निम्मी निवळी. दही फाटतं ते केसिनमुळे. निवळीत केसिन जवळपास नसतंच, त्यामुळे ती कितीही उकळली तरी फाटत नाही. बेसन उरलेल्या दह्याला सांभाळून घेतं. अशा कढीत भरड्याचे गोळे सोडले की सुटत नाहीत आणि कढी चोथापाणी होत नाही. वरून मेथीदाण्याची फोडणी आणि भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर. एवढी कढी तुमच्या दोघांत पुन्हा बोलणं सुरू करायला पुरेशी आहे असं मला वाटतं.

वरणात निवळी घालूच नका. आंबटपणा असला की डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन घट्ट राहतं आणि डाळ शिजत नाही. सात शिट्ट्या द्या नाहीतर दहा, दाणा हाताला लागतो. चणे, राजमा, बटाटे यांनाही हेच. चिंच आणि टोमॅटो आपण डाळ शिजल्यावर घालतो ते याचसाठी. शिजलेल्या वरणात एखादी वाटी निवळी घातली तर आंबटगोड वरणाला चालून जाते, पण कुकरमध्ये नाही. चहात आणि दुधाच्या कशातही नाही. उकळत्या दुधात मात्र मुद्दाम घालता येते: लिटरभर दूध फाडायला लिंबाऐवजी कपभर ते दीड कप आंबट निवळी पुरते आणि पनीर मऊ होतं. त्या पनीरचं पुन्हा पाणी उरतं, म्हणून निवळी संपवण्याचा उपाय म्हणून मी हा सांगत नाही.

रोजचा, सोपा आणि कोणाच्या लक्षातही न येणारा उपाय म्हणजे कणीक. निम्मं पाणी, निम्मी निवळी घेऊन भिजवा. पोळ्या मऊ राहतात. अशी कणीक त्याच दिवशी संपवा. थालीपिठाच्या पिठाला तर पूर्ण निवळी चालते, तिथे ती आंबट चव हवीशीच वाटते. घरी पाव करत असाल तर पाण्याच्या निम्मी निवळी घाला. यीस्टला लॅक्टोज खाता येत नाही, ते पिठात तसंच राहतं आणि वरचं कवच लवकर तांबूस करतं, म्हणून ओव्हन नेहमीपेक्षा दहा अंशांनी कमी ठेवा.

बाबांच्या पोटाबद्दल वेगळं सांगते. वय वाढलं की बऱ्याच जणांना लॅक्टोज पचेनासं होतं. दह्यातल्या लॅक्टोजचा मोठा भाग निवळीत उतरतो. म्हणजे बाबांसाठी तुमचा चक्का हा निवळीपेक्षा बरा, आणि आई जे प्रेमाने त्यांच्या भाजीत घालत होत्या तेच नेमकं त्यांना बाधत असावं. दोन आठवडे त्यांच्या ताटातली निवळी पूर्ण बंद करून बघा. पोट तरीही फुगत असेल तर डॉक्टरांकडे जा, दह्याला दोष देत बसू नका. मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम कमी घ्यायला सांगितलं आहे, अशा वाचकांनीही निवळी पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं. तिच्यात पोटॅशियम बऱ्यापैकी असतं.

आता केक. तुमच्या दोन्ही केकचं दुखणं एकच आहे, वेगवेगळ्या टोकांनी. पहिल्यात तुम्ही एक कप दह्याच्या जागी एक कप ग्रीक योगर्ट घातलंत. दह्यातलं निम्मं पाणी तर तुम्ही आधीच काढून टाकलं होतं. मैद्याला भिजायला पाणी मिळालं नाही, पीठ जड झालं, आणि फुगायला जोर पुरला नाही. एक कप दह्याच्या जागी दोन तृतीयांश कप चक्का आणि एक तृतीयांश कप तीच निवळी घ्या, फेटून एकजीव करा. झालं परत दही. अर्थात, ज्या केकला दहीच हवं आहे त्याला सरळ दहीच घाला, आधी गाळून मग कालवायची गरज नाही. गाळणं राखून ठेवा जिथे घट्टपणा खरोखर लागतो तिथे.

दुसऱ्या केकमध्ये दुधाऐवजी निवळी घातलीत पण खायचा सोडा घातला नाहीत, नुसती बेकिंग पावडर ठेवलीत. आंबटपणा मारायला काही नव्हतं म्हणून चव आंबट राहिली. आंबट पिठाला रंगही लवकर चढत नाही, म्हणून तो पांढराफटक. एक कप निवळीला चहाचा अर्धा चमचा सोडा, सपाट. पाव चमचा सोडा साधारण एक चमचा बेकिंग पावडरचं काम करतो, तेव्हा पावडर त्या हिशेबाने कमी करा, नाहीतर साबणासारखी चव येईल. आणि पीठ कालवल्याबरोबर ओव्हनमध्ये. सोडा आणि आंबट एकत्र आले की बुडबुडे त्याच क्षणी सुरू होतात, तुम्ही फोन घेईपर्यंत ते थांबत नाहीत. मी एकदा पीठ तयार करून दारावर आलेल्या पाहुण्यांशी बोलत बसले, वीस मिनिटांनी डबा आत ठेवला, आणि मुलीच्या वाढदिवसाला बोटभर उंचीचा केक कापला. तेव्हापासून ओव्हन आधी तापवते, डब्याला तूप लावून ठेवते आणि मगच सोडा हातात घेते.

राहिला तो रात्रीचा प्रसंग. पत्रात तुम्ही त्याला तीन ओळी दिल्यात आणि केकला अर्धं पान, पण मला पत्र वाचताना सगळ्यात जास्त तोच दिसत राहिला. आईंना निवळी ओतल्याचं वाईट वाटलं असेल, पण लपून ओतल्याचं जास्त. तुम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्याच नजरेआड काहीतरी करत होता. त्या गप्प आहेत याचा अर्थ त्यांनी हार मानली असा घेऊ नका. त्यांच्या जवळ जाऊन बसा आणि सांगा, की मी लपवलं ते चुकलं. मग वरचा कॅल्शियमचा भाग सांगा, कारण तो त्यांच्या बाजूचा आहे. नंतर वरणाचा आणि बाबांच्या पोटाचा. या क्रमाने सांगा, उलट नको. आणि त्यांना आंबील मागा. महालक्ष्म्यांना विदर्भात आंबील होते, त्यांच्या हाताला ती येतच असेल. ज्वारीचं पीठ निवळीत रात्रभर भिजवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. वाडगाभर आंबिलीत दोन वाट्या निवळी सहज जिरते. तुम्ही गाळणार, त्या आंबील करणार, आणि तरी उरली तर दोघांनी मिळून दिवसाउजेडी ओतायची. थोडी ओतली तर काही बिघडत नाही, हे आईंनीही मान्य करावं असं मी त्यांना या सदरातून विनवते. तांब्या-पितळेची भांडी तिने लख्ख निघतात, तेवढी एक वाटी त्यासाठी ठेवा. कुंड्यांना घालायची तर चौपट पाणी मिसळून, महिन्यातून एखाद वेळी. रोज घातली तर माती आंबते आणि मुंग्या लागतात.

फ्रिजमधल्या चार बाटल्यांपैकी ज्यांना आठवडा उलटून गेला त्या काढून टाका. वास घ्या, झाकण उघडताना फस्स आवाज आला, वर गुलाबी किंवा पांढरी साय दिसली तर चाखूही नका. यापुढे काचेची बाटली, वर तारखेची चिठ्ठी, जास्तीत जास्त पाच-सहा दिवस. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवली तर कणकेला दोन-तीन महिने कामी येते. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवली तर कळकते.

डबे विकत आणायचे का, हेही विचारलं होतंत. प्रवासात, घाईच्या आठवड्यात जरूर आणा. वाद टाळायला म्हणून आणू नका.

आणि डिसेंबरच्या त्या दिवसासाठी फुगणारा केक करूच नका. चक्क्याचं खरं मोल जिथे कळतं ते करा. अर्धा किलो चक्का, या वेळी मात्र रात्रभर गाळलेला. त्यात साधारण तीनशे ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि दोन संत्र्यांच्या सालीचा बारीक किस. फक्त वरचा केशरी भाग, पांढरा लागला की कडू. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री असतात, ताजी, घट्ट सालीची निवडा. हाताने हलकेच एकजीव करा, फेटून हवा भरू नका, नाहीतर वर भेगा पडतात. तूप लावलेल्या डब्यात ओता, वर फॉइल घट्ट बांधा म्हणजे वाफेचं पाणी आत पडणार नाही. शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं. कडा बसलेल्या आणि मधला भाग डबा हलवल्यावर थरथरणारा, असा असतानाच गॅस बंद करा, तो थंड होताना बसतो. मग रात्रभर फ्रिजमध्ये. आदल्या दिवशी करायचं असल्याने हे आईंपासून लपणार नाही, तेव्हा किस त्यांनाच काढायला सांगा. संत्र्याचा रस आत घालू नका, पाणी सुटतं आणि ठेवला की कडवट होतो, हे नागपुरात वेगळं सांगायला नको. फोडी सोलून, बिया काढून, वाढायच्या वेळीच वर ठेवा.